सरांचा हात आणि माझे बहात्तर बिंदू

हे लिहायचं मी पन्नासहून अधिक वर्षं टाळलं. कुणी सरांचा विषय काढला की मी पावसापाण्याचं बोलायला लागायचो. माझ्या निरोप समारंभात मला 'निष्कलंक' म्हटलं गेलं, तेव्हाही मी मान खाली घालून शाल घेतली. त्या शालीची आजही चीड येते.

सर कुठल्याही वस्तूवर आधी अंगठा फिरवत. कपाची कड असो, बाकाचा कोपरा असो, एसटीची दांडी असो. डोळे मिटून अंगठा सावकाश न्यायचा आणि कुठे अडखळलं की तिथेच थांबायचं. "डोया फसते, अंगठा नाई फसत," म्हणायचे. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात ते यंत्रशास्त्र शिकवत आणि मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. स्टाफरूममध्ये त्यांना 'अंगठेबहाद्दर' म्हणत. सरांच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला होता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि हसू त्याचंच होतं. धामणगावजवळ आमची चाळीस एकर काळी जमीन. मीही हसायचो.

सरांचं संशोधन म्हणजे एक लोखंडी हात. आज त्याला रोबोट म्हणतील. सर नुसतं 'हात' म्हणत. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बाया फिरत्या रुळांपुढे बसून कापूस सारत. ते काम या हाताने करायचं. कापूस जास्त साचला की त्याने आपणहून सावकाश व्हायचं, कमी झाला की चाल वाढवायची. "यंत्राले सोताची चूक समजली पायजे, माणूस सांगीन तवा नाई," असं ते वर्गात सांगत. मुलं वहीत उतरवून घेत. सरांची आई अकोल्याच्या एका जिनात होती. "माही माय डाव्या हातानं भाकर थापे," एवढंच एकदा म्हणाले. उजव्याचं मी विचारलं नाही.

हाताची सगळी हालचाल एका फिरत्या तबकडीच्या कडेवर ठरत होती. तिला कॅम म्हणतात. त्या कडेचा आकार सरांनी आकड्यांत मांडला होता. प्रत्येक अंशाला एक त्रिज्या, असे तीनशे साठ आकडे. मग शेजारच्या आकड्यांची वजाबाकी, आणि त्या वजाबाक्यांची पुन्हा वजाबाकी. तिथे एक जरी आकडा उडी मारताना दिसला की पान फाडून पुन्हा सुरुवात. एका वरिष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "कापूस सारायला एवढं गणित कशाला?" सर म्हणाले, "बोटं वाचवाले." त्यावर खोली पुन्हा हसली.

ते तीनशे साठ बिंदू पत्र्यावर उतरवून कॅम घासायचं काम माझं होतं. परतवाड्याला माझा साखरपुडा होता आणि दुपारची बस गाठायची होती. मी दर पाचवा बिंदू घेतला. बहात्तर. मधलं सगळं वक्रपट्टीने जोडलं आणि कानशीने घासलं. कड आरशासारखी दिसत होती.

अकोल्याच्या जिनात चाचणीच्या सकाळी सरांनी कॅमवर अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला. मागे गेला, पुन्हा तिथेच थांबला.

"सारे बिंदू घेतले ना रे?"

"हो, सर."

त्यांनी अंगठा उचलला. जन्मभर ज्यावर विश्वास ठेवला ते सोडून माझ्या शब्दावर ठेवला.

तासाभरात त्याच जागी झटके बसायला लागले. जोडाची पिन तुटली आणि हात रुळांवर कोसळला. तो ओढायला शेवंताबाई नावाच्या कामगार बाई धावल्या. त्यांची तीन बोटं गेली.

चौकशीला तिघं बसले होते. आत जाण्याआधी त्यातल्या एकाने मला व्हरांड्यात गाठलं. "तुझी अख्खी नोकरी पुढे आहे. गणित कुणाचं होतं, एवढंच सांग." मी एवढंच सांगितलं. गणित सरांचं होतं. कॅम कुणी घासला हे त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना माणूस आधीच मिळालेला होता. "हे लोक वर आले की असंच व्हायचं," असं एक जण म्हणाला आणि चहा मागवला. त्या तिघांना मी कधी माफ केलं नाही. पण ते वाक्य ऐकून खुर्चीत बसून राहिलेला चौथा मीच होतो.

सरांनी माझं नाव घेतलं नाही. "काम माहं होतं," म्हणाले आणि राजीनामा दिला. हात भंगारात गेला. त्यांची जागा पुढे मला मिळाली.

दोन वर्षांनी मी ठरवून अकोल्याला गेलो. सर तिथे जठारपेठेत दोन खोल्यांत राहत होते, शाळेत गणित शिकवत होते. शेवंताबाईंना त्याच शाळेत शिपायाचं काम त्यांनी लावून दिलं होतं, हे त्यांच्या पत्नीने चहा देताना सांगितलं. सरांनी माझ्या मुलीचं नाव विचारलं. मी रस्त्याचं बोललो, कपाशीचं बोललो. दारापर्यंत पोचवायला ते आले.

"काई बोलाचं होतं काय रे तुले?"

"नाही सर, सहज आलो होतो."

"बरं. सांभाळून जाय."

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात ते गेले. पाचातले चार बिंदू मी सोडले आणि तुमच्याशी खोटं बोललो, सर, मला माफ करा. एवढंच बोलायचं होतं. ते दारात उभे होते, वाट पाहत होते, आणि मी चपला घालत होतो.