सुतकातला टीव्ही

इथं परदेशात, आमच्या हिल्सबरोच्या घरी शनिवारी दुपारी एक जुनी अमेरिकन मालिका लागायची. लढाईच्या तोंडाशी तंबूत थाटलेलं इस्पितळ, तिथले डॉक्टर, नर्सेस, आणि सगळा नुसता चावटपणा. रक्तानं हात भरलेले आणि तोंडानं थट्टा चालू. माझं इंग्रजी म्हणजे ह्या टीव्हीवरून वेचलेलं. न कळलेला विनोद आमचे हे समजावून सांगायचे, तोवर टीव्हीतले लोक हसून मोकळे झालेले असायचे. मग आम्ही दोघं मागाहून हसायचो.

एकदा गोष्ट दोन भागांत होती. पहिल्या भागाच्या शेवटी एक कोवळा शिपाई टेबलावर पडलेला, रक्ताच्या बाटल्या आणणारी गाडी चिखलात रुतलेली, आणि बाकीचं पुढच्या शनिवारी. हे म्हणाले, वाचणार. मी म्हटलं, छे, कसला वाचतोय. पैज लागली. हरेल त्यानं चहा करायचा. आता चहा रोज मीच करायचे, तेव्हा धोका काय तो यांनाच होता.

मधेच यांच्या छातीत दुखलं नि इस्पितळात न्यावं लागलं. नळ्या लावलेल्या, तरी मला म्हणतात, "शनिवारी मी इथंच असेन बहुतेक. तू बघ, आणि त्या पोराचं काय झालं ते येऊन सांग."

सांगायला माणूस राहिला नाही. शनिवार उजाडायच्या आतच गेले.

अप्पर हटहून वन्सं आल्या. यांच्या थोरल्या बहीण, यांना कडेवर खेळवलेलं. रडून रडून डोळे सुजलेले, पण घर ताब्यात घेतलं. यांचा फोटो मांडला, शेजारी दिवा लावला, फोडणी बंद केली आणि टीव्हीवर पांढरी चादर घातली. मला तर वाटलं, टीव्हीही गेला.

शनिवारी दुपारी समाचाराला दोघी जणी आल्या होत्या. खाली मान घालून बसलेल्या. माझं लक्ष घड्याळाकडे. वेळ झाली तशी मी उठले, चादर ओढली, घडी करून बाजूला ठेवली आणि टीव्ही लावला.

वन्सं दबक्या आवाजात म्हणाल्या, "वहिनी, दिवा जळतोय तिथं. आणि तू तमाशे बघणार?"

"बघणार."

"सुतक आहे घरात."

"माहीत आहे, वन्सं. माझाच नवरा गेलाय."

वन्संनी माझ्या मुलाकडे पाहिलं, तो भिंतीकडे बघायला लागला. सून इथल्याच इस्पितळात नर्स आहे, ती तेवढी बोलली. म्हणाली, "बघू द्या त्यांना, आत्या. वॉर्डात कुणी गेलं तरी चहाच्या खोलीत आम्ही हसतो. नाही हसलो तर पुढच्या पेशंटकडे जायला पाय उचलत नाही."

वन्सं स्वयंपाकघरात निघून गेल्या. मी यांचा फोटो उचलला आणि टीव्हीकडे तोंड करून ठेवला. आलेल्या बायकांना उठावं की बसावं कळेना. बसल्या बिचाऱ्या.

गाडी चिखलातून काढायला त्या डॉक्टरांनी साहेबाचा पलंग मोडून फळ्या चाकांखाली घातल्या. साहेब रात्रीचे कपडे घालून ओरडतोय. मला हसू आलं. मी दाबलं नाही. समजावून सांगायला कुणी नव्हतं, तरी यावेळी टीव्हीतल्या लोकांच्या बरोबरीनं हसले. हसताना डोळ्यांतून पाणीही येत होतं, ते पुसलं नाही. त्या दोघींनी पुढे गावभर काय सांगायचं ते सांगितलंच. आजही कुणी विचारलं तर म्हणते, हो, हसले.

शिपाई वाचला. डोळे उघडून त्यानं पहिल्यांदा आपले बूट मागितले.

मी टीव्ही बंद केला आणि फोटोला मोठ्यानं सांगितलं, "वाचला हो तो. जिंकलात तुम्ही."

मग स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं. वन्सं ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. म्हणाल्या, आलेल्यांना सुतकात चहा विचारायचा नसतो, एवढं तरी पाळ.

"त्यांना नाहीये," मी म्हटलं. "पैज हरलेय मी. तुमच्या भावाचा आहे."

आलं जास्त घातलं, यांना आवडायचं तसं. कप नेऊन फोटोपुढे, दिव्याच्या शेजारी ठेवला. चादर मात्र पुन्हा घातली नाही.