बाजारातली उपासना

ख्रिस्ती पाळकपणाची दीक्षा घेतली तेव्हा वाटलं होतं, उपासनेची मंडळी माझ्या वाटेकडे डोळे लावून बसेल. झालं उलटंच. मोताळ्याकडच्या ज्या गावी मला नेमलं, तिथला आठवडी बाजार रविवारी भरे आणि उपासनाही रविवारचीच. आमची ख्रिस्ती घरं थोडी. कोणी दोर विके, कोणी केरसुण्या. बाजार चुकला तर त्यांची चूल पेटायची नाही. रविवार हा प्रभूचा दिवस, तो मोडायचा नाही, हे मी शिकून आलो होतो. मी घंटा वाजवायचो आणि ते पाट्या उचलून समोरून निघून जायचे. उपदेशाला एक बहिरे आजोबा आणि दारातली शेळी, एवढीच मंडळी. शेळी निदान शेवटपर्यंत थांबे.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. आमची शेती अमडापूरकडे. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी वडील म्हणाले, "आमच्यासाठी तू मेला बे." नेमलेल्या गावातही बाटलेला म्हणून इतर लोक माझ्या हातचं पाणी घेत नसत. घर गेलं आणि मंडळीही मिळाली नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मी फार खचलो. शेवटी एका रविवारी घंटा न वाजवताच वळकटी बांधली, पाण्याचा तांब्या घेतला आणि घराकडे जाणारी बैलगाडी शोधत बाजारात गेलो. वडिलांचे पाय धरायचे आणि पाळकपण सोडायचं, असं ठरवलं होतं.

गाडीवाला म्हणाला, "बाजार उठू द्या, मंग निघू." मी लिंबाखाली बसलो. तेवढ्यात वांगी विकणाऱ्या एका अनोळखी बाईने हाक मारली, "पादरीबाबा, इकडे या ना! पोरगी तापानं फणफणून राह्यली. तुम्ही देवाले सांगता म्हणे."

"मंग प्रार्थनेले काऊन नाही आणली तिले?" मी सवयीने विचारलं.

"माल टाकून कशी येऊ? तुमच्या देवाले बाजारात येता येत नाही का?"

मी पोरीजवळ गुडघे टेकले आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. पाठ केलेले शब्द आठवेनात. घरच्या बोलीतच म्हणालो, "बापा, हिले बरं कर. मले बी काही समजून नाही राह्यलं." डोळे उघडले तर आमचे दोरवाले, केरसुणीवाले माल तसाच टाकून भोवती मान खाली घालून उभे होते. सगळी मंडळी एकत्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला रडू आवरेना.

थोड्या वेळाने पोरीला घाम फुटला. तिने पाणी मागितलं, तशी आईने मागेपुढे न पाहता माझाच तांब्या उचलून तिच्या ओठांना लावला. ताप उतरायचाच होता की प्रार्थनेने उतरला, मला ठाऊक नाही. प्रार्थनेनेच उतरला, असा हट्टही मी धरत नाही.

गाडीवाल्याने बैल जुंपले. "येता ना, पादरीबाबा?"

"तुम्ही जा भाऊ. माह्यी मंडळी इथंच हाय."

पुढे दर रविवारी उपासना त्या लिंबाखालीच भरू लागली. वडिलांनी मला पुन्हा कधी घरात घेतलं नाही. ते दुःख आजही आहे. पण आता मी प्रभूला जागा नेमून देत नाही, तो नेईल तिथे जातो. देवा, तुझे उपकार कसे फेडू? मी तुझ्यापासून पळायला निघालो होतो, आणि तू मला माझ्याच लोकांत आणून बसवलंस.