शिकागो, अठ्ठावीस तास

“किलोमीटर सांगू नका, टाइम सांगा,” असं म्हणत ते मनगटावरच्या घड्याळावर बोट ठोकायचे. सारी नोकरी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून केलेले हे माझे शेजारी. कुणी कुठल्या गावाला निघालंय हे कळलं, की त्याची पोचायची वेळ सांगूनच मोकळे व्हायचे.

त्यांचा मुलगा शिकागोत. मी एकदा म्हटलं, “तेरा हजार किलोमीटर म्हणजे पृथ्वीच्या पार पलीकडे की हो.” त्यांना ते रुचलं नाही.

“कुटलं पलीकडं, सर? शिकागो-दोहा साडेतेरा तास. हाल्ट तीन. दोहा-हैदराबाद चार. बॅगा घेऊन भाईर पडायला दीड. तितनं सोलापूर सहा. अठ्ठावीस तास झाले. येवडंच हाय.”

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा हिशोब चुकत नाही, म्हणून त्यांना समजावताही येत नाही.

त्यांची बायको, आमच्या काकू, एका पहाटे गेल्या. त्यांच्या लिंगायत रिवाजात मयताला मांडी घालून बसवतात आणि बसवूनच समाधी देतात. अंग ताठरायच्या आत हे करावं लागतं. खड्डाही तसाच खणायला सांगितला होता. दहा वाजता मुलाचा फोन आला, “बाबा, निघालो.”

“बर्फाची पेटी आणा,” ते म्हणाले. त्या पेटीत माणूस आडवाच राहतो.

विधी करायला आलेले जंगमस्वामी म्हणाले, “अण्णा, बसवून घ्या. मागनं अंग ऐकत न्हाय.”

“पोरगं आईला बघंल, मग काय ते. उद्या दोनला हितं हाय त्यो.”

दिवसभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विमान कुठवर आलं ते सांगत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला म्हणाले, “हैदराबाद सोडलं असंल.” मलाही ते खरं वाटलं.

दहा वाजता व्हिडिओ कॉल आला. मुलगा स्वतःच्या स्वयंपाकघरात उभा होता. मागे फ्रिज दिसत होता.

“बाबा, व्हिसाचा घोळ आहे. इथून बाहेर पडलो तर परत येता येणार नाही.”

“हे काल म्हाईत न्हवतं?”

“होतं.”

“मग निघालो कशाला म्हणलास?”

“तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून.”

मला त्या पोराची चीड आली. आजही येते.

काकूंना बसवता आलं नाही. तळहात उघडेना, म्हणून हातात द्यायचं गळ्यातलं इष्टलिंग छातीवर ठेवलं. बसण्यापुरता खणलेला खड्डा लांब करावा लागला. तेवढा वेळ ते कुदळीकडे पाहत उभे होते. त्यानंतर घरात शिकागोचं नाव त्यांनी काढलं नाही.

दोन वर्षांनी मला बोलावून म्हणाले, “सर, माजं झालं की लगेच बसवा. माती पडली की मग त्याला कळवा.”

ते गेले तेव्हा मी तसंच केलं. मांडी नीट बसली होती, हातात लिंगही राहिलं. घरी येऊन आंघोळ केली आणि शिकागोला फोन लावला.

तो रडला. मग म्हणाला, “काका, आधी का नाही सांगितलंत? मी निघालो असतो.”

मी फोन ठेवला. माती पडेपर्यंत तुला कळवायचं नाही असं तुझ्या बापानेच सांगितलं होतं, हे सांगायला हवं होतं. पण त्याला जरा बरं वाटावं म्हणून खोटं बोलायची माझी इच्छा नव्हती, आणि वाईट वाटेल असं खरं बोलायची ताकद उरली नव्हती.