केसरबाईच्या कोंबड्यांची सर्दी

वडनेर भोलजीत कोंबड्यांवर केसरबाईइतका जीव टाकणारी बाई दुसरी नव्हती. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास तिला पंचायत समितीच्या योजनेतून तीस पांढऱ्या विलायती कोंबड्या मिळाल्या, आणि घरातला पहिला घास कोंबड्यांचा, उरलेला माणसांचा, असा कायदा झाला. नांदुऱ्याच्या बाजारात ती अंडी नेई ते एखादी नवी नवरी मिरवावी तसं. "एक अंडं वाकडं दाखवा," ती गिऱ्हाइकाला म्हणे, "म्या बाजारात येनं सोडून देईन."

नवरा इंद्रभान गरीब स्वभावाचा. शेतात वाघ, पण पावसाळा सरला की त्याचं नाक जे वाहायला लागे ते थेट होळीपर्यंत.

त्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी खुराड्यातून शिंका ऐकू आल्या. केसरबाईला वाटलं, नवराच आत गेला. डोकावते तर कोंबड्या! माना ताणून घुरघुरत होत्या, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि पिलांचेही तेच हाल. आठ दिवसांत अंडी निम्म्यावर आली. जी आली तीही सुरकुतलेली, काहींचं कवच तर बोट लावताच दबणारं. बाईनं एकेक अंडं उचलून पाहिलं. मग तिला गुन्हेगार सापडला.

"तुमीच देल्ली ही सर्दी!"

"मी? म्या काय त्याइच्या तोंडाले तोंड लावलं?"

"दाने टाकाले कोन जाते? शिंकत शिंकत?"

इंद्रभानला खुराड्याची बंदी झाली. बिचारा ओसरीवरसुद्धा भिंतीकडे तोंड करून शिंकू लागला.

शेवटी ढोरांचा डॉक्टर आला. पोरगेलासा, नागपूरहून नुकताच शिकून आलेला. त्यानं कोंबडीच्या छातीला नळी लावली तेव्हा अर्धी गल्ली कुंपणाशी जमली.

"बाई, ही कोंबड्यांचीच सर्दी. माणसाची त्यांना लागत नाही, त्यांची माणसाला लागत नाही."

"मंग याइले काऊन तेच झालं?" केसरबाईनं नवऱ्याकडे बोट केलं.

"त्यांचा विषाणू वेगळा. पण हां, माणसाला सर्दी देणारे काही विषाणू ह्या कोंबड्यांच्या विषाणूचे भाऊबंद निघालेत. डुकरांना, उंदरांना छळणारेही त्याच घराण्यातले. मोठ्या यंत्रातून पाहिलं तर अंगाभोवती मुकुटासारखे काटे दिसतात, म्हणून दोन वर्षांमागं नाव ठेवलं, कोरोना."

"म्हंजे कूळ एक अन् चुली वेगळ्या," इंद्रभान डॉक्टरापुढं पहिल्यांदाच बोलला.

"अगदी! आता सांगा, एवढ्यात नवी कोंबडी कोणती आणली?"

केसरबाई एकदम पदर सारखा करू लागली. पंधरवड्यामागं खामगावच्या बाजारात एका कोंबड्याच्या तुऱ्यावर भुलून तिनं तो आणला होता. वाटभर तो घशातून खरखर आवाज काढत होता. त्यावर ती नवऱ्याला कौतुकानं म्हणाली होती, "पाहा, कसा गाऊन राह्यला!"

आता इंद्रभानला बोलायची संधी होती. पण तो एवढंच म्हणाला, "गानं मात्र चांगलं होतं."

औषध नव्हतंच. ऊब द्या, आजारी वेगळ्या ठेवा, एवढंच डॉक्टर सांगून गेला. केसरबाईनं खुराड्याला गोणपाटं बांधली, अशक्त पिलं चुलीशी आणून ठेवली. त्यातली नऊ दगावली, आणि ती नऊ वेळा रडली. मोठ्या कोंबड्या सावरल्या, पण काहींची अंडी कायमची बिघडली. त्यातलं एकही तिनं बाजारात नेलं नाही. घरात महिनाभर पाणचट पोळ्या झाल्या अंड्यांच्या, आणि इंद्रभाननं त्या मुकाट्यानं खाल्ल्या.

चुकलं, असं काही ती म्हणाली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता. एका सकाळी तिनं आलं-गुळाचा काढा त्याच्यापुढं ठेवला आणि दाण्याची टोपली हातात दिली. "जा, तुमीच टाका. माह्या हातचे खात नाहीत त्या." हे साफ खोटं होतं, आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

पुढं गावात कुणी नवं पाखरू आणलं की आधी केसरबाईला विचारावं, अशी रीतच पडली. शेजारच्या आशाबाईनं एक देखणी तलंग आणली, तेव्हा केसरबाई स्वतः जाऊन त्या कोवळ्या कोंबडीला गोठ्यापलीकडं टोपल्याखाली झाकून आली.

"तीन हप्ते इथंच राहू दे. अन् हिले हात लावला का हात धू, मंगच बाकीच्याइजवळ जाय."

"इतकी चांगली दिसते वं, केसरबाई!"

"दिसाले काय," केसरबाई म्हणाली, आणि आधी आपलेच हात धुवायला पाणी मागितलं.