आधी कुठली परीक्षा?

“सर, गेली परीक्षा.”

पुण्याच्या सेंटरबाहेरून नसरीनचा फोन आला, तेव्हा मी सर्व्हर रूममध्ये गळक्या एसीखाली बादली सरकवत होतो. या परीक्षा कॉम्प्युटरवर असतात. शेवटचं बटण दाबलं की निकाल लगेच समोर येतो, धीर धरायलासुद्धा वेळ मिळत नाही.

“थोडक्यात हुकली का?” मी विचारलं.

“नाही सर, लांबच राहिली. निम्मे प्रश्न कशाबद्दल आहेत तेच कळलं नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “घरी अजून सांगितलं नाही.”

“सांभाळून ये,” एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

नगरमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी सर्व्हर सांभाळतो. सर्व्हर म्हणजे बाकीचे सगळे कॉम्प्युटर ज्याच्या जिवावर चालतात तो एक कॉम्प्युटर. केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, कुठल्या पेशंटला किती वाजता कुठलं औषध दिलं, सगळं त्याच्या पोटात. तो चालू असला की आम्ही कुणाला आठवत नाही. बंद पडला की शिपायापासून सर्जनपर्यंत सगळे आमच्या नावाने शंख करतात. आमचं आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि नसरीन, संपली यादी.

नसरीन भिंगारची. तिच्या अब्बांनी आयुष्यभर फौजी लोकांचे युनिफॉर्म शिवले, आता डोळे गेलेत. धाकटी बहीण कॉलेजात. घर नसरीनच्या पगारावर चालतं, आणि नसरीन कॉन्ट्रॅक्टवर. त्या वर्षी ट्रस्टने नियम काढला, की कॉन्ट्रॅक्टवरच्या माणसाने मार्चअखेर सर्व्हरच्या कामाचं निदान एक सर्टिफिकेट मिळवायचं, नाहीतर कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नाही. परीक्षेला ट्रस्टतर्फे दोनच वेळा बसता येणार. त्यातला एक प्रयत्न गेला होता, आणि तो माझ्यामुळे गेला होता.

झालं असं, की जूनमध्ये ती वही घेऊन माझ्याकडे आली. “सर, या चार परीक्षा आहेत. कुठल्या क्रमाने देऊ?”

बेसिक सर्व्हरची, म्हणजे मशीन, डिस्क, बॅकअप, लॉगिन. नेटवर्किंगची, म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडण्याची. लिनक्सची, म्हणजे विंडोजसारखीच सर्व्हर चालवणारी दुसरी प्रणाली. आणि क्लाउडची. क्लाउड म्हणजे स्वतःचं मशीन न ठेवता दुसऱ्याचं इंटरनेटवरून वापरणं. आदल्याच दिवशी मी पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या होत्या. जिकडे तिकडे क्लाउड. तेवढ्या भांडवलावर मी मोठ्या रुबाबात सांगितलं, “थेट क्लाउड दे. बेसिक काय, पोराटोरांसाठी असतं. तू तीन वर्षं काम करतेयस.”

तिने लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मग सहज विचारलं, “सर, तुम्ही आधी कुठली दिली होती?”

“आमच्या वेळी वेगळं होतं,” मी म्हणालो.

आमच्या वेळी काहीही वेगळं नव्हतं. मी एकही परीक्षा दिलेली नाही. मिरजगावहून टायपिंगचं सर्टिफिकेट घेऊन आलो आणि इथे बिलिंगला ऑपरेटर म्हणून लागलो. हॉस्पिटलचा पहिला सर्व्हर आला, तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरच्या पाठीमागे उभा राहून तो काय काय दाबतो ते बघितलं. पुढची बावीस वर्षं त्या बघण्यावर निघाली. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लोक सर म्हणू लागले, तेही अंगवळणी पडलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण पोहरा मात्र मी ऐटीत सोडत होतो.

नापास होऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, “आता कुठली देऊ सर?” तेव्हा तरी खरं बोलायचं होतं. पण क्रम बदल म्हणायचं तर आधीचा चुकला हे कबूल करावं लागलं असतं. मी म्हणालो, “क्लाउडच दे परत. अभ्यास वाढव.” ती “बरं सर” म्हणाली आणि कामाला लागली. आज हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

जानेवारीतला सोमवार. ओपीडी तुडुंब भरलेली. लाइट गेली आणि जनरेटर सुरू व्हायच्या आतच यूपीएसने मान टाकली. सर्व्हर खाडकन बंद पडला. लाइट आल्यावर सुरू झाला, पण कुठल्याच कॉम्प्युटरवर कुणाला लॉगिन करता येईना. केसपेपरच्या खिडकीवर नाही, लॅबमध्ये नाही, वॉर्डात नाही.

आयसीयूच्या सिस्टर फोनवर ओरडत होत्या, “रात्री कुणाला काय दिलं ते दिसत नाही मला! आता पुढचा डोस कशाच्या आधारावर देऊ?” दारात पारनेरकडचा एक माणूस येऊन उभा राहिला. “आवो सायेब, आईला आपरेशनला घेत्यात. जुना रिपोर्ट मागत्यात. कवाधरनं हुबं हाय मी, कुनीच काय सांगंना.” त्याच्या हातात आईच्या चपला होत्या. मी त्याला बसा म्हणालो. तो बसला नाही.

मी सर्व्हरसमोर बसलो. तिथे सगळं ठीक दिसत होतं, सगळे प्रोग्रॅम चालू. मग लॉगिन का नाही? मी ठरवून टाकलं, की अचानक बंद पडल्यामुळे लॉगिनची यादी खराब झाली. असं एकदा पूर्वी झालं होतं. तेव्हा बॅकअप परत चढवला होता, म्हणजे आदल्या दिवशी काढून ठेवलेली सगळी नक्कल मूळ जागी टाकली होती. तेच करायचं.

प्रशासक मेजर साहेब खाली आले. फौजेतून रिटायर झालेला माणूस, आवाज चढवत नाहीत. “किती वेळ?”

“एक तास, साहेब. बॅकअप टाकतोय.”

“नुकसान?”

“बॅकअपनंतरच्या, म्हणजे रात्रीच्या नोंदी जातील.”

त्यांनी विचारलं, “दुसरा इलाज नाही?”

“नाही,” मी म्हणालो. ठाम.

ते गेल्यावर नसरीन हळूच म्हणाली, “सर, सर्व्हरची तारीख एकदा बघू या का?”

“तारखेचं काय काढलंस मध्येच? इथे घर जळतंय!” मी खेकसलो. ती मागे सरकली.

बॅकअप चढवायच्या आधी मशीन विचारतं, नक्की का? मी माऊस तिथपर्यंत नेला.

“सर, थांबा.” तीन वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी त्या आवाजात बोलली. तिने स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती.

सर्व्हरच्या आत घड्याळाच्या सेलसारखाच एक छोटा सेल असतो. वीज नसताना तो तारीख आणि वेळ धरून ठेवतो. आमचा सेल संपला होता. लाइट येऊन सर्व्हर जागा झाला तो भलत्याच वर्षात. लॉगिन करताना सर्व्हर प्रत्येकाला एक पास देतो, त्यावर वेळ असते. कुणी जुना पास वापरून घुसू नये म्हणून सर्व्हरच्या आणि समोरच्या कॉम्प्युटरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला की पास चालत नाही. आमच्याकडे वर्षांचा फरक होता.

तारीख दुरुस्त केली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. दहा मिनिटांत वॉर्डातून फोन आला, “झालं, दिसतंय!” पारनेरच्या माणसाला रिपोर्ट मिळाला. तो घाईत निघून गेला, बरोबरच आहे. मी ते बटण दाबलं असतं तर आयसीयूतली अख्खी रात्र पुसली गेली असती, आणि एवढं करूनही लॉगिन झालं नसतंच.

“कुठे वाचलंस हे?” मी विचारलं.

तिने ड्रॉवर उघडला. फायलींखाली बेसिक सर्व्हरचं पुस्तक होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं.

“नापास झाल्यावर कळलं सर, माझा पायाच कच्चा आहे. म्हणून हे सुरू केलं.”

“मग लपवून कशाला?”

“तुम्ही सांगितलेलं सोडून दुसरंच वाचतेय, हे कसं सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“म्हणजे आता परीक्षा बेसिकची देणार ना?”

“नाही सर. फॉर्म क्लाउडचाच भरलाय. तुम्ही म्हणालात म्हणून.”

अरे देवा! घराचा एकुलता पगार, हातात शेवटचा प्रयत्न, आणि ही मुलगी नापास होणार हे माहीत असूनही निघाली होती, कारण सरांनी सांगितलंय.

फॉर्म बदलता येत होता, पण अर्जावर मेजर साहेबांची सही हवी होती. अर्जात एक रकाना होता, बदलाचे कारण. मी लिहिलं, ‘मी दिलेला सल्ला चुकीचा होता.’ आणि अर्ज घेऊन वर गेलो.

“सकाळचा दोष कुणी शोधला?” त्यांनी विचारलं.

“नसरीनने. मी तर बॅकअप टाकायला निघालो होतो.”

त्यांनी अर्ज वाचला. “सल्ला चुकला म्हणजे?”

“साहेब, मी स्वतः यातली एकही परीक्षा दिलेली नाही. जाहिराती वाचून क्रम सांगितला. उंटावरून शेळ्या हाकल्या.”

ते म्हणाले, “बावीस वर्षांत आम्ही विचारलं नाही, ती आमची चूक. तिला सांगितलंत हे?”

“नाही.”

“मग आधी तिला सांगा. सही त्यानंतर.”

दोन जिने उतरायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. नसरीन प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढत होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने तो कागद काढला, चुरगळून टोपलीत टाकला आणि म्हणाली, “जूनमध्ये सांगितलं असतं सर, तर आपण दोघांनी मिळून ठरवलं असतं. मी ती बस, ते सेंटर, सगळं एकटीने... जाऊ द्या.”

“माझं चुकलं,” मी म्हणालो.

“हो सर,” ती म्हणाली.

मार्चमध्ये ती बेसिकची परीक्षा पास झाली, चांगल्या मार्कांनी. कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहिलं. मी त्याच परीक्षेला मे महिन्यात बसलो. शेजारी माझ्या मुलाच्या वयाची पोरं. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा काठावर पास झालो.

आम्ही आजही एकाच खोलीत काम करतो. ती अजून सर म्हणते, डब्यातलं पुढे करते, अडलं तर विचारतेही. परवा तिच्या पुढच्या परीक्षेचा अर्ज विभागाच्या सहीसाठी माझ्या टेबलावर आला, नेटवर्किंगचा. तो बघूनच मला कळलं की तिने पुढची परीक्षा ठरवली आहे. मला विचारलं नव्हतं. मी अर्ज वाचला. निवड बरोबर होती. सही केली.

जी परीक्षा आपण दिली नाही, तिच्याबद्दल कुणी विचारलं तर ‘मी दिलेली नाही’ असं म्हणावं. तीन शब्दांचं काम आहे.