डाव्या पायाला काम नसलेली गाडी

माझ्या डाव्या हाताला प्लास्टर होतं, तेव्हापासून ताई माझ्या जीपचे गियर टाकायला लागली.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात देखभाल विभागात होतो. नोकरी पक्की झाल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल, तर लिलावातली एक जुनी जीप घेतली. दारं नव्हती, टप गळका होता, पण चारही चाकांना ताकद द्यायचा दांडा होता आणि त्याच्याशेजारी गियरचा लांबलचक दांडा. आई म्हणाली, "यापेक्षा सायकल बरी." ताई मात्र फाटकाशी उभी राहून जीपकडे बघत राहिली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणीच्या पोलिओने तिचा डावा पाय बारीक राहिलेला, त्यात ताकद अशी नव्हतीच. मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर लावून ती चालायची आणि शहरातल्या एका ऑफिसात टायपिस्ट होती. सकाळी तिला ऑफिसला सोडून मी कामावर जायचो.

एकदा कामावर व्हॉल्व्ह उघडताना पाना सटकला आणि माझं मनगट मोडलं. आता ताईला सोडणार कोण? तीच म्हणाली, "स्टिअरिंग उजव्या हाताने धर. क्लच तू दाब, गियर मी टाकते."

पहिल्या दिवशी आम्ही नाशिकरोडपर्यंत तीनदा बंद पडलो. दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी "टाक" असं सांगायची गरजच उरली नाही. मी क्लच दाबायचो तेव्हा तिचा हात दांड्यावर तयारच असायचा. आठवड्याभरात उलटंच झालं. इंजिन जरा कुरकुरलं की ती म्हणायची, "दाब आता." आणि तिचं बरोबर असायचं. दिवसभर टायपिंग करून तिचे कान तसे झाले होते की काय कोण जाणे, पण मला ऐकू यायच्या आधी तिला ऐकू यायचं.

प्लास्टर निघालं, तरी तिने दांडा काही सोडला नाही. आई वैतागायची. "दोघं मिळून एक गाडी चालवता, लोक हसतात."

"हसू दे," ताई म्हणायची. "त्यांना एकेकट्याने तरी कुठे धड चालवता येते?"

अशी आमची दहा-बारा वर्षं गेली. रविवारी आम्ही कधी दिंडोरीकडे, कधी पार सुरगाण्याच्या डोंगरात जायचो. माझं लग्न झालं, तेव्हा बायकोने समजूतदारपणे मागची सीट पत्करली.

शेवटी जीप म्हातारी झाली. मी दुसरी बघायला लागलो. आमचा चार-पाच जीपवेड्यांचा गट होता आणि त्यात एक गोष्ट ठरलेली होती: गियरशिवाय गाडी म्हणजे मिठाशिवाय वरण. मीही तावातावाने तेच बोलायचो. पाथर्डी फाट्याजवळ एक गियरची, उघडी, फोर-व्हील गाडी मी बघून ठेवली होती. नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

तेवढ्यात वीजकेंद्रातल्या एका मित्राची बदली निघाली. त्याला गाडी विकायची होती. तीही फोर-व्हील होती, पण ऑटोमॅटिक, आपोआप गियर बदलणारी. "एकदा चालवून तर बघ," तो म्हणाला. खरं सांगायचं तर मी गेलो ते गटाला सांगायला काहीतरी गंमत मिळेल म्हणून. ताईला बरोबर घेतलं.

कॉलनीच्या रस्त्यावर गाडी छान निघाली. वळणावर वेग कमी झाला आणि सवयीने माझा डावा पाय क्लच शोधायला गेला. क्लच नव्हताच. मी जो काही पूर्ण ताकदीने दाबला तो ब्रेक होता. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवरच्या मित्राचा चष्मा उडून पुढे माझ्या मांडीवर आला. ताईने डॅशबोर्ड घट्ट धरला होता. ती हसून हसून लाल झाली. मित्र चष्मा पुसत म्हणाला, "अरे, डावा पाय पोटाशी घे! त्याला या गाडीत काम नाही."

ताईचं हसू थांबलं.

"म्हणजे डाव्या पायाला काहीच काम नाही?" तिने विचारलं.

"काहीच नाही, ताई."

तिने आपल्या डाव्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग मी का चालवत नाही?"

ऑटोमॅटिक गाड्या असतात हे मला कित्येक वर्षं ठाऊक होतं. त्यांना नावं ठेवण्यात मी तासन् तास घालवले होते. आणि माझ्या डाव्या बाजूला रोज बसणाऱ्या माणसाचा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नव्हता. मी दार उघडून खाली उतरलो.

मित्राची ऑटोमॅटिक मी घेतली आणि पाथर्डी फाट्यावरची गाडी दुसऱ्या कोणी नेली. त्या गाडीला नाही म्हणताना मला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही. गटातल्यांनी महिनाभर माझी टिंगल केली. ताईने मात्र पुढचे सगळे रविवार वसाहतीमागच्या मैदानात घालवले. डॉक्टरांचा दाखला मिळाला आणि चाचणीच्या दिवशी तिने गाडी इतकी गुळगुळीत मागे घेतली की परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, "बाई, शिकवायला कोण होतं?"

"भाऊ," ती म्हणाली. "पण त्याला गियर मी शिकवलेत."

दिवाळीनंतर ती आम्हाला सुरगाण्याला घेऊन गेली. भाताची कापणी चालू होती. घाटाच्या चढावर गाडीचं काही ठरेना. वरचा गियर, खालचा गियर, पुन्हा वरचा, असं तिचं चाललं होतं. मी काही बोलणार, तोच ताईने ऑटोमॅटिकचा छोटा दांडा ओढून दोनच्या खुणेवर आणला, म्हणजे गाडी दुसऱ्या गियरच्या वर जाणार नाही. गाडी एका सुरात चढायला लागली.

"तुला कोणी सांगितलं असं करायचं?"

"ऐकू येत नाही का तुला?" ती म्हणाली. "बिचारी गोंधळली होती."

सुरगाण्याच्या स्टँडवर चहाला थांबलो. शेजारी सवारीच्या जीपा उभ्या होत्या, टपावर माणसं आणि पोती घेतलेल्या. एक म्हातारा ड्रायव्हर आमच्या गाडीत वाकून बघायला लागला.

"ताई, तिसरा पेडल कुठं गेला? मोडला का काय?"

"नव्हताच, बाबा. बसून बघा."

तो बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्याचा डावा पाय इकडे गेला, तिकडे गेला, हवेत राहिला. मिनिटभराने तो खाली उतरला आणि म्हणाला, "गाडी लय भारी हाय. पण पायाला करमत नाय."

माझ्या मनातलं तो बोलला होता. ताई मात्र हसली. "माझ्या पायाला मस्त करमतं," ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या मुलीचं सटाण्याला लग्न होतं. तिला न्यायला मी रजा टाकायच्या विचारात होतो. लग्नाच्या दिवशी सकाळी उठलो तर अंगणात गाडी नव्हती. ऑफिसातल्या चार जणींना घेऊन ताई निघून गेली होती. दुपारी तिचा फोन आला. मागे सनई वाजत होती.

"पोचलो," ती म्हणाली. "रस्त्यात सगळ्या गात होत्या, त्यामुळे इंजिनाचा आवाज काही ऐकू आला नाही. आणि हो, पंगत उशिरा आहे. तुम्ही जेवून घ्या."