कुरकुर न करणारं लिव्हर

थोरला शुद्धीवर आला तेव्हा पोटातून एक बारीक नळी बाहेर आलेली होती. तिचं आतलं टोक लिव्हरमध्ये होतं. लिव्हर धाकट्या भावाचं होतं, म्हणजे त्याच्या लिव्हरचा कापून घेतलेला भाग.

दोघे भाऊ दुकानांची शटरं बसवायचे. बाप सांगून गेला होता, कुरकुर ऐकू येईपर्यंत शटर दुरुस्तीला खोलायचं नाही. थोरल्याने त्याची मनाशी गाठ बांधली होती. एकदा धाकटा म्हणाला, ही स्प्रिंग बदलू. थोरला म्हणाला, आवाज नाही ना? मग गप वर चढ. स्प्रिंग तुटली आणि धाकट्याची दोन बोटं गेली. तेव्हापासून दोघांमध्ये विस्तव जात नव्हता.

मग लिव्हर का दिलं? थोरल्याच्या बायकोने विचारलंच होतं. धाकटा म्हणाला, "हा मेला तर भांडू कुणाशी?"

नर्सने थोरल्याला नळी समजावली. दर तासाला तिच्यातून थेंबभर पाणी घ्यायचं. मशीन त्यातली साखर आणि लॅक्टेट नावाचं आम्ल मोजतं. लिव्हरला रक्त कमी पडलं, की साखर उतरते आणि लॅक्टेट चढतं.

"दुखायच्या आधी कळतं," ती म्हणाली.

"दुखत नसेल तर कळून करायचंय काय?"

धाकटा चालायला लागला तसा पोटाचे टाके धरून रोज यायचा. भावाकडे बघायचाही नाही.

"सिस्टर, आज माझं लिव्हर कसं आहे?"

"तुझं? पोट माझं आहे," थोरला गुरकावायचा.

"पोट तुझं, माल माझा. बसवलेला माल कोण तपासतं? ज्याचा असतो तो."

"सिस्टर, याला आकडा सांगायचा नाही."

"बरं. बाहेर नेऊन सांगते," नर्स म्हणाली.

मग एका सकाळी लॅक्टेट चढायला लागलं. एकदा चढलं, पुन्हा चढलं. साखर उतरत गेली. डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. लिव्हरला रक्त नेणारी धमनी तुंबत होती. पोट पुन्हा उघडायला हवं होतं, आणि लगेच. उशीर झाला तर हे लिव्हर गेलं. दुसरं देणारं कुणी नव्हतं.

"ताप नाही. दुखत नाही. काही कुरकुर नाही," थोरला म्हणाला. "खोलायचं कशाला?"

"अहो, सही करा ना," बायकोने हात जोडले.

"त्या डबड्याला काय कळतंय!" त्याने तोंड फिरवलं.

धाकटा दारातच उभा होता. तो आत आला आणि तीन बोटांचा पंजा त्याने भावाच्या नाकासमोर धरला.

"ती स्प्रिंग कुरकुरली होती?"

थोरल्याने चादर वर ओढली.

"बोल ना. ऐकू आली होती कुरकुर? बोटं खाल्लीस, आता लिव्हरही नासवणार? मरायचं तर मर. माझा माल घेऊन मरू नकोस."

"भाऊजी, काय बोलताय!"

"खरं तेच बोलतोय, वहिनी. याला गोड बोललेलं कधी कळलंय?"

थोरल्याचं तोंड लालबुंद झालं. त्याने नर्सच्या हातातलं पेन हिसकावलं.

"आणा तो कागद. याची कटकट तरी थांबेल."

रक्ताची गुठळी निघाली. लॅक्टेट लगेच उतरलं नाही. आधी अडून राहिलं, मग हळूहळू खाली आलं. कुणी कुणाची माफी मागितली नाही. धाकट्याने आकडा विचारणं सोडलं नाही, थोरल्याने गुरकावणं सोडलं नाही.

पुढे डॉक्टरबाईंनी नळी काढली. यापुढे रक्ताच्या तपासण्या पुरेत, म्हणाल्या. धाकटा आला आणि रिकामी जागा बघून भडकला.

"नळी काढली? आता मला कळणार कसं?"

थोरल्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"मेलो की कळेल."

धाकट्याने स्टूल ओढलं आणि पलंगाला पाठ करून बसला. भेटायची वेळ संपल्याचं नर्सने दोनदा सांगितलं. तो उठला नाही.